कागद सुटू नयेत म्हणून

एजंटानं कागदावर आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद आमच्याकडे सरकवला. मी चष्मा लावून बघितला. मग चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. आकडा तोच होता. चाळीस हजार.

"कशाचे?" मी विचारलं.

"शिक्क्यांचे," तो म्हणाला.

"सोन्याचे आहेत का शिक्के?"

टेबलाखालून पिटुकलीनं माझा पाय दाबला. पिटुकली म्हणजे आमची एकुलती एक लेक. सव्वीस वर्षांची घोडी झाली, इस्पितळात दोन-दोन वॉर्ड एकटी सांभाळते, तिच्या नुसत्या आवाजानं भलेभले दांडगे पेशंट मुकाट्यानं सुईपुढे दंड करतात. पण घरात ती पिटुकलीच. तिला परदेशात, एका मोठ्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. परीक्षा झाली, तीन मुलाखती झाल्या, पत्र आलं. अडीच महिन्यांनी एक तारखेला तिथं हजर व्हायचं होतं. नाही झाली तर यादीतली पुढची मुलगी तयारच होती, हेही त्याच पत्रात लिहिलेलं. आता फक्त तिचे कागद खरे आहेत, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगायला हवं होतं.

एजंट बोटांवर मोजत सांगायला लागला. पाच कागद. जन्माचा दाखला, नर्सिंगचा डिप्लोमा, गुणपत्रक, नोंदणी आणि पोलिसांचा दाखला. प्रत्येक कागदावर आधी नोटरीची सही. मग ती सही खरी आहे, असं सांगणारा शिक्का. मग तो शिक्का खरा आहे, असं सांगणारा मंत्रालयाचा शिक्का. मग तिकडच्या भाषेत भाषांतर, मग भाषांतर खरं आहे असं भाषांतरकाराचं शपथपत्र, आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या वकिलातीचा शिक्का.

"आणि वकिलातीचा शिक्का खरा आहे, हे कोण सांगणार?" मी विचारलं.

"त्याची गरज नसते," एजंट म्हणाला. त्याला चेष्टा कळली नाही.

माझं डोकंच चालेना. अरे, ही जन्मली तेव्हा मी स्वतः तिथं हजर होते! चौदा तास हजर होते. मी फुकटात सही करून देते म्हटलं, तर पिटुकलीनं दुसऱ्यांदा पाय दाबला, आणि या वेळी जरा जोरातच.

आमचे हे मात्र गप्प बसून होते. हे बुकबाइंडर. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. ह्यांना कुठलीही रक्कम पुस्तकांत मोजायची सवय. फ्रिज घेतला तेव्हा तो ऐंशी पुस्तकांचा होता, माझा चष्मा अठरा पुस्तकांचा. आत्ताही ओठ हलत होते. बाहेर पडल्यावर म्हणाले, "दीडशेनं धरलं तर दोनशे सहासष्ट पुस्तकं, वर शंभर."

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," मी म्हटलं.

"आई, नोकरी काय चार आण्याची नाहीये," पिटुकली म्हणाली. दोन वर्षं जादा पाळ्या करून तिनं पैसे साठवले होते, त्यातलेच तिनं भरले. ह्यांना एक पैसा घालू दिला नाही. ते ह्यांच्या मनाला लागलं असावं, असं मला आता वाटतं. मुलगी एवढ्या लांब निघाली आणि बापानं तिच्यासाठी काहीच केलं नाही, हे ह्यांच्यासारख्याला पचणारं नव्हतं.

सहा आठवड्यांनी एका शनिवारी पिटुकली दुपारच्या पाळीआधी घरी आली, हातात निळी फाईल. दुसऱ्या दिवशी सुट्टी, सोमवारी सकाळी वकिलातीच्या खिडकीवर ते कागद द्यायचे होते. तेवढा एकच शिक्का राहिला होता. फाईल माझ्या हातात देत ती म्हणाली, "आई, कपाटात ठेव. आणि ह्याला कुणी हात लावायचा नाही."

आता हे नीट सांगते, कारण सगळं इथंच बिघडलं. तिनं "कुणी" म्हटलं. मी "कुणी" ऐकलं. पण माझ्या डोक्यात "कुणी" म्हणजे शेजारीण, शेजारणीचा नातू, फार तर गॅसवाला. घरचं माणूस "कुणी" कधीपासून झालं?

ती गेल्यावर मी फाईल उघडली. चाळीस हजारांची वस्तू घरात आलीय म्हटल्यावर बघायला नको? आणि बघितलं तर काय! प्रत्येक कागदाला त्याचं भाषांतर जोडलेलं, पण कसं, तर वरच्या कोपऱ्यात दोन वाकडीतिकडी भोकं पाडून त्यातून एक तांबडी फीत ओवलेली. पानं एकाखाली एक नाहीत, एक इकडे पळतंय, एक तिकडे. मागं फितीची गाठ, गाठीवर गोल कागदी शिक्का चिकटवलेला, तोही तिरका. डिप्लोम्याचं तर भोक फाटून कडेपर्यंत आलं होतं. मी तशीच उठून दुकानात गेले.

"अहो, हे बघा," मी म्हटलं. "चाळीस हजार घेऊन हे असं बांधून दिलंय. तुमच्या दुकानात पहिल्या दिवशी आलेला माणूससुद्धा याहून बरं बांधेल. पोरगी हे घेऊन परक्या देशात जाणार. काय म्हणतील ते लोक?"

हे माझे शब्द. एकेक शब्द आठवतोय.

ह्यांनी हात धुतले, पुसले आणि मगच कागद हातात घेतले. बराच वेळ उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, "अगं, हे सुटणार. दोनदा उघडलं की सुटणार."

"मग बसलात काय?" मी म्हटलं.

ह्यांनी किटलीत पाणी उकळलं. वाफेवर धरून ते गोल शिक्के असे अलगद उचलले की एकाचीही कड दुमडली नाही. फिती सोडल्या, इस्त्री केल्या. जुनी भोकं कागदाच्या लगद्यानं आणि खळीनं बुजवली. ती कुठं होती हे मलाही सापडेना. सगळी पानं ठोकून एका रेषेत आणली, वजनाखाली ठेवली, आणि मग दाभणानं समान अंतरावर पाच-पाच भोकं पाडून त्याच फितीनं शिवली. गाठ सपाट, कागदाच्या पोटात बसणारी. त्यावर शिक्का परत चिकटवला. सरळ. संध्याकाळपर्यंत हे मान वर न काढता काम करत होते आणि मी मधूनमधून चहा देत होते. पाचही कागद ओळीनं मांडल्यावर मला खरोखर अभिमान वाटला. इतका, की मी फाईल कपाटात ठेवून कुलूपसुद्धा लावलं.

पिटुकलीला सोमवारीच दाखवू, एकदम चकित होईल, असं आमचं ठरलं. ती चकित झालीच म्हणा.

वकिलातीत लांबच लांब हॉल होता, काचेच्या सात खिडक्या आणि बसायला एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या. आमचा नंबर लागायला दोन तास गेले. फाईल ह्यांच्या मांडीवर. पिटुकलीनं दोनदा मागितली, तर "राहू दे माझ्याकडे, मी सांभाळतो," म्हणाले आणि माझ्याकडे बघून हळूच हसले.

खिडकीपलीकडचा कारकून तरुण होता, चेहऱ्यानं भला. त्यानं फाईल उघडली, पहिला कागद हातात घेतला आणि थांबला. उलटा केला. पाठीवरून अंगठा फिरवला. दुसरा घेतला. मग त्याच्या तोंडून निघालं, "वा! काय सुंदर बांधलंय. कुणी बांधलं हे?"

पिटुकलीनं तोंड उघडायच्या आत हे पुढे वाकले आणि काचेच्या भोकाला तोंड लावून म्हणाले, "मी. बत्तीस वर्षं हेच करतोय."

कारकुनाचं हसू तिथल्या तिथं विझलं. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणून सांगते.

"तुम्ही म्हणजे? मंत्रालयात असता?"

"छे, छे. माझं दुकान आहे. त्यांनी फार कच्चं बांधलं होतं हो. मी सोडलं आणि नीट शिवून दिलं."

"सोडलं?"

"हो."

"शिक्का काढून?"

"वाफेवर. पुन्हा लावलाय ना तो, सरळ लावलाय."

कारकुनानं पाचही कागद गोळा केले, फाईलीत घातले आणि फाईल भोकातून आमच्याकडे परत ढकलली.

"हे रद्द झालं," तो म्हणाला. "पाचही."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"अहो, पण एक पान इकडचं तिकडं नाही!" हे म्हणाले. "सगळे शिक्के तेच, सह्या त्याच. बघा तरी! अहो, कागद सुटू नयेत म्हणूनच बांधतात ना?"

"नाही काका," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "कुणी सोडले तर कळावं म्हणून बांधतात. खरं सांगू? तुम्ही बोलला नसता तरी कळलं असतं. आमच्याकडे किंवा मंत्रालयात इतकं चांगलं कुणी बांधतच नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मी जन्मभर ही म्हण दुसऱ्यांना ऐकवत आले.

पिटुकलीचा चेहरा कागदासारखा झाला होता. "परत करायचं म्हणजे?" तिनं विचारलं.

"पहिल्यापासून. नोटरीपासून."

"माझ्याकडे एकोणतीस दिवस आहेत."

"तातडीनं करून मिळतं. फी वेगळी पडते." त्यानं मागच्या नंबरला हात केला.

ती बाहेर पायऱ्यांपर्यंत आली. मग थांबली, आणि येणारे-जाणारे बघतायत याची पर्वा न करता ओरडली, "बाबा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

हे मान खाली घालून उभे होते. दोन्ही हात समोर, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघतील. नुसतं बघितलं असतं तरी मी बोलले असते.

"कुणी नाही," हे म्हणाले. "मलाच राहवलं नाही."

आणि मी गप्प राहिले. इतर वेळी ही जीभ दातांआड राहत नाही. शेजारीण म्हणते, तुझ्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मायचाय. त्या दिवशी ते आपोआप लागलं. पिटुकली रस्ता ओलांडून एकटीच बसमध्ये चढली, आम्ही पुढची बस घेतली.

तातडीचा आकडा एजंटानं फोनवर सांगितला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. पासष्ट हजार. शिक्के तेच, सह्या करणारे हात तेच, फक्त ते लवकर हलावेत म्हणून. पिटुकलीच्या खात्यात उरलं होतं ते विमानाच्या तिकिटाचं. ह्यांनी एजंटाला "करा" म्हणून सांगितलं, चप्पल घातली आणि बाहेर पडले. चारशे तेहतीस पुस्तकं झाली, असं काही म्हणाले नाहीत. आकडा ऐकून ओठ न हललेले मी पहिल्यांदाच बघितले.

दुसऱ्या दिवशी पैसे आले. मी विचारलं, कुठून आणले? म्हणाले, "काम घेतलं. आगाऊ मिळाले."

कसलं काम, ते चार दिवसांनी कळलं. मी दुपारी दुकानात गेले आणि दारातच थांबले. वास वेगळा होता. ह्यांच्या दुकानाला खळीचा वास असतो, ओल्या पुठ्ठ्याचा असतो. हा नाकात घुसणारा, डोळ्यांत पाणी आणणारा होता. भिंतीपाशी छतापर्यंत गठ्ठे. परीक्षांची गाईडं. आणि हे टेबलाशी बसून, ब्रशानं त्यांच्या पाठींना गम फासत होते.

आता यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण या माणसानं बत्तीस वर्षांत गम लावून एक पुस्तक बांधलेलं नव्हतं. दोऱ्याची शिलाई, नाहीतर काम परत. गमवाल्या पुस्तकांना हे "थुंकी लावून चिकटवलेली" म्हणायचे. चौकातला गाईडवाला प्रकाशक वर्षातून दोनदा यायचा, हात जोडायचा, हे त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवायचे. त्याच्याकडे हे स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. सात हजार गाईडं, नगाला नऊ, पैसे आधी; वरचे दोन हजार दुकानाच्या गल्ल्यातले.

"अहो, हे तुम्ही..."

"एका वर्षासाठी असतात ही पुस्तकं," हे म्हणाले. "परीक्षा झाली की रद्दीत. सुटली तरी कुणाचं अडत नाही."

मी आत येऊन ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. पोरीच्या नोकरीसाठी नाही, पैशांसाठीही नाही. स्वतःच्या जिभेसाठी रडले.

कागद चोविसाव्या दिवशी तयार झाले. या वेळी पिटुकलीनं ते घरी आणलेच नाहीत. इस्पितळातल्या तिच्या लॉकरमध्ये ठेवले, आणि वकिलातीत एकटीच जाऊन आली. हे तिनं जेवताना सहज सांगितलं. ह्यांनी मान हलवली. "बरं केलंस," म्हणाले, आणि पाण्याचा पेला उचलण्याआधी बोटांवरचा वाळलेला गम नखानं खरवडत राहिले.

निघायच्या दिवशी बॅगा भरताना तिनं शेवटी ती फाईल काढली. मी बघितली. या खेपेला फीत आणखीच वाकडी होती आणि एका शिक्क्याची कड आत्ताच सुटायला लागली होती. हे दारात उभे होते. पिटुकलीनं ह्यांच्याकडे बघितलं, आणि ह्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. ती फाईल हातात तशीच घेऊन एकदम उठली आणि ह्यांच्या गळ्यात पडली. ह्यांनी तरीही हात पुढं आणले नाहीत. फाईल मध्ये होती ना.

एक तारखेला ती तिथं हजर झाली. "पोचले, रुजू झाले," एवढाच निरोप आला. सहाव्या दिवशी रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन घेऊन दुकानात गेले, गमाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि दोघं त्याच्यापुढं बसलो. खोली कशी, जेवण कसं, थंडी किती, सगळं झालं. मग ती जरा थांबली.

"कागदांचं सांगायचं राहिलं," ती म्हणाली.

"काय झालं?" मी विचारलं. "चालले ना?"

"चालले. पहिल्या दिवशी इस्पितळाच्या ऑफिसात दिले. एक बाई होती. तिनं पाचही कागदांच्या फिती काढल्या आणि टोपलीत टाकल्या."

"काढल्या?"

"मी ओरडलेच, आई. म्हटलं, अहो, हे काय करताय, आता सगळं रद्द होणार! ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, फितीचं काय एवढं? ती फक्त कागद सुटू नयेत म्हणून असते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे फोनकडेच बघत होते.

"मग सुटी पानं एका मशीनमध्ये घातली," पिटुकली सांगत होती. "त्याचे फोटो निघाले. कागद परत दिले मला. दोन मिनिटं लागली असतील."

"आणि शिक्के? शिक्के बघितले का?"

"नाही, आई."

एक लाख पाच हजार. बत्तीस वर्षांची शिलाई. पायऱ्यांवर मान खाली घालून उभा असलेला माणूस. माझ्या अंगाची लाही लाही झाली, आणि त्या दिवशी पायऱ्यांवर लागलेलं कुलूप आता, नको त्या वेळी, फटकन उघडलं.

"मीच सांगितलं होतं त्यांना," मी म्हटलं. "तू विचारलं होतंस ना, कुणी सांगितलं? मी. मीच डिवचलं होतं. आणि तिथं गप्प बसले."

फोनच्या पडद्यावर पिटुकलीचा चेहरा तसाच होता, मला वाटलं कॉल अडकला. पण तिच्या मागच्या खिडकीचा पडदा हलत होता.

"ते राहू दे आता," हे म्हणाले आणि फोनकडे सरकले. "मला एक सांग. तिनं गाठ सोडली, की कापली?"

"कापली, बाबा," पिटुकली म्हणाली. "कात्रीनं."

ह्यांनी ब्रश उचलून डब्यात बुडवला, गठ्ठ्यातलं पुढचं गाईड ओढलं आणि त्याच्या पाठीला गम लावायला लागले.

"सोडता आली असती," हे म्हणाले.